विल्बरचे अश्रू आणि ओटिसचा हात

हॉलिवुडच्या एका चित्रशाळेत, मूकपटांच्या काळी, विल्बर क्रम नामक विनोदी नटाच्या गुडघ्यांचे भवितव्य कसे ठरले, ते येथे यथामती निवेदन केले जात आहे.

विल्बर बारा वर्षे शिडीवरून पडत आला होता. शिडी नसेल त्या दिवशी जिन्यावरून. अखेर त्याच्या गुडघ्यांनी बंड पुकारले. तेव्हा त्याने मालक ग्रूबरसाहेबांना विनविले, की एकदा गंभीर भूमिका करू द्यावी. उभ्याने वाटेल तेवढा रडेन, पण पडणे पुरे. साहेब म्हणाले, की जमल्यास शोकपटांचा करार, न जमल्यास पुनश्च पाच वर्षे शिडी.

प्रसंग ठरला : पत्नीच्या शवपेटीपाशी पती. कॅमेऱ्याची मूठ त्या काळी हाताने फिरवीत. हात मंदावला, की पडद्यावर माणसे तुरुतुरु धावत. विनोदी चित्रांत कॅमेरावाला ओटिस हॅनली मुद्दाम तसे करी. म्हणून विल्बरने त्यास आधीच गाठले.

"ओटिस, बाबा, आज हात पुरा फिरव. मी माणूस दिसलो पाहिजे, माकड नको."

"मला शिकवतोस? मनात गाणं म्हणत फिरवतो मी. ताल चुकायचा नाही."

विल्बर असा रडला, की सुतारांचे हातोडे थबकले आणि पेटीतल्या मृत पत्नीने हळूच नाक पुसले.

दुसऱ्या दिवशी चित्र पडद्यावर पाहिले गेले. विधुर उंदरासारखा पेटीकडे धावला, चिमणीसारखा मान हलवू लागला, आणि त्याचा रुमाल खिशातून सात वेळा आत-बाहेर झाला. ग्रूबरसाहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले.

विल्बरने ओटिसला कोपऱ्यात घेतले. "घात केलास की रे माझा."

ओटिस खाली मान घालून म्हणाला, "काय करू? तू रडायला लागलास आणि माझी आईच आठवली मला. गाणं राहिलं बाजूला, हात मंदावला."

"खरंच रडलास?"

"शर्ट भिजला होता."

इतक्यात साहेब डोळे पुशीत आले. "क्रम, शिडी घाल चुलीत. पाच वर्षं नुसता रड तू. आणि ओटिस, हात असाच मंद ठेव."

"ते सांगायला नको, साहेब," ओटिस म्हणाला. "त्याला रडू तर द्या."

इतःपर विल्बरचे गुडघे सुखरूप राहिले. वाचकांनी वेळ खर्चिला, त्याबद्दल प्रस्तुत निवेदक, त्या शवपेटीचा कर्ता सुतार जास्पर डॉड, सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.