पाऊण कोसाची उधारी

वाटूरचे तातेराव, त्यांचे चिरंजीव रायभान, रायभानांचे बिभीषण आणि बिभीषणरावांची थोरली कन्या गोपिकाबाई! या घराण्यात दुसऱ्याला पाठीवर घेणारे झाले. दुसऱ्याच्या पाठीवर बसणारे कुणी झाले नाही, असे गोपिकाबाई स्वतःच सांगत.

पुरावाही तयार असे. पन्नास वर्षांपूर्वी त्या केदारखेड्याला नव्या नवरी म्हणून आल्या, तेव्हा दहा वर्षांच्या नणंदेच्या, उषाबाईच्या, पायात बाभळीचा काटा मोडला. गोपिकाबाईंनी तिला शेतापासून घरापर्यंत पाऊण कोस पाठीवर आणले. त्यानंतर एकही लग्न, एकही बारसे असे गेले नाही, की जिथे त्या म्हणाल्या नाहीत, "हिला मी पाठीवर आणलीय!" या एका वाक्यावर त्यांनी साऱ्या घरावर राज्य केले.

यंदा नात अर्पिता या दोघी नणंद-भावजयांना हिमालयातली खिंड ओलांडायला घेऊन निघाली. पाच दिवसांची चाल, बिऱ्हाड पाठीवर!

"आजी, नवे बूट घाल ना!"

"चिखलात? येड लागलं का तुला? जालन्याच्या स्टेशनावर उतरताना घालीन. चार लोकांनी पाहिले पाहिजेत!"

बूट सॅकमध्ये गेले. सॅकचे पट्टे बैलाच्या जुवासारखे वाटले, म्हणून पदराची चुंबळ करून सॅक डोक्यावर गेली! चौथ्या दिवशी, ऐन खिंडीत, वाऱ्याने फटका दिला. सॅक बुटांसकट दरीत! ती धरायला धावताना चपलेचा अंगठा तुटला, चप्पलही गेली. बर्फावर एका पायाने अनवाणी गोपिकाबाई तव्यातल्या लाहीसारख्या उडू लागल्या.

उषाबाईने पाठ पुढे केली. "बसा, वैनी."

"मी? बिलकुल न्हाई!"

"मंग नाचत राहा."

बसल्या! बर्फ संपला, तंबू आले. वाटाड्या सोमेश्वर म्हणाला, "आता उतरवा आजींना."

"न्हाई," उषाबाई धापा टाकत म्हणाली. "अर्धाच कोस झाला. पाव कोस बाकी हाय!"

सोमेश्वरने पावले मोजून तंबूंभोवतीच्या सतरा फेऱ्या ठरवल्या. वरात निघाली!

"उषे, उतरव जल्दी! लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. उद्या कुणाच्या लग्नात मी सांगताना साक्षीदार लागतील."

अखेर उषाबाईने त्यांना दगडावर बसवले. "फिटलं, वैनी!"

"काय फिटलं? सोळाच झाल्या!" जन्मभराची हिशेबाची खोड, तोंडातून निघून गेले.

उषाबाईने पुन्हा पाठ पुढे केली. बिभीषणरावांची थोरली कन्या पदर सावरून पुन्हा चढली, आणि सतराव्या फेरीला पाऊण कोस पुरता फिटला.