बसू कुठं?

प्रेमानंद मेश्रामने बायकोची शाल वजनकाट्याच्या हुकाला लटकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं, "सातशे ग्राम."

"मग?" पुष्पलताने विचारलं.

"एवढी जड शाल कोणी नेते का? मफलर घे."

"डिसेंबरात सांचीची थंडी तुमच्या काट्याले विचारून पडते का?"

नागपूरच्या जरीपटक्यातल्या त्या घरात पंधरा दिवस हेच चाललं होतं. वीज कंपनीत चौतीस वर्षं लाइनमन राहिलेला प्रेमानंद ऑक्टोबरात निवृत्त झाला होता. स्कूटरवरून सांचीला जायचं, स्तूप पाहायचा, आणि तेही दोघांनीच, असं त्याच्या मनात कधीपासून होतं. पुष्पलताने होकार दिला, पण तोलूनमापून. "रस्त्यात एकदा जरी मले पस्तावा झाला, तर पहिल्या बसनं वापस येईन. मंग कधीच तुमच्या मागं बसणार नाही."

पस्तावा होऊ द्यायचा नाही म्हणून प्रेमानंदने मोबाइलवर लडाखला स्कूटर नेणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहून पाहून वहीत टिपणं काढली. जड सामान खाली, हलकं वर. डावी बाजू नि उजवी बाजू सारखी. मग दोन बाजूंना लटकवायच्या दोन बॅगा आल्या, सीटवर मागं बांधायची एक मोठी बॅग आली आणि हुकवाल्या रबरी दोऱ्या आल्या. पुष्पलताच्या वाट्याला साडेतीन किलो आले. ती मुकाट्याने तीन जोडी कपडे, कंगवा नि गोळ्यांची पिशवी काट्याला लावायची आणि निघून जायची. प्रेमानंदच्या अवजारांना मात्र काटा लागू नव्हता.

मागच्या गल्लीतला संघपाल मेकॅनिक गाडी बघायला आला, तेव्हा त्याने बॅगेत हात घातला.

"काका, हे काय आहे?"

"क्लचची वायर. स्पेअर."

"तुमच्या गाडीले क्लचच नाही ना."

"असं का?"

"आन् हे ट्यूब काहून घेतली? टायर तर ट्यूबलेस आहे."

"राहू दे. रस्त्यात कोणाच्या कामी पडन."

दोन्ही वस्तू बॅगेत राहिल्या. शाल घरी राहिली. त्या दोन वस्तूंचं वजन भरून काढायला प्रेमानंदने आणखी एक युक्ती केली. टाकी फुल केली तर चार किलो वाढतात, म्हणून पेट्रोल जेमतेम सावनेरपर्यंत पुरेल एवढंच भरलं.

सकाळी सातला दोघं निघाले. दोघांचेही फोन प्रेमानंदने आवाज बंद करून, थरथरीवर टाकून मोठ्या बॅगेच्या पुढच्या खिशात ठेवले होते. किमती सामान मधोमध, असा नियम होता. हवा छान होती. पुष्पलता त्याच्या आणि बॅगेच्या मधल्या फटीत नीट बसली होती आणि एकदाही कुरकुरली नव्हती. कोराडी मागं पडली, सावनेर आलं, गेलं, आणि पुढच्या पंपावर प्रेमानंदने गाडी घेतली.

"सीट उघडा," पंपावरचे केशवराव म्हणाले.

तेव्हा प्रेमानंदच्या लक्षात आलं. त्याच्या स्कूटरच्या टाकीचं झाकण सीटखाली होतं, आणि सीटवर तर अख्खा संसार बांधलेला होता.

पाच दोऱ्या सुटल्या. मोठी बॅग जमिनीवर आली. मागं रांग लागली. एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, एक व्हॅन. "तू जाऊन ये तोवर," प्रेमानंद पुष्पलताला म्हणाला. ती हातपाय धुवायला गेली. पेट्रोल भरून झालं आणि बॅग पुन्हा सीटवर चढली, पण मोजूनमापून बसवायला आता वेळ कुठे होता? हाती आली ती दोरी हाती आला त्या हुकाला अडकली. हॉर्न वाजू लागले.

"काका, बाजूले घ्या ना गाडी!" केशवराव ओरडले.

प्रेमानंद घाईघाईने बसला. पुष्पलता हेल्मेट चढवून गाडीपाशी आली होती. बॅग एवढी पुढं बांधली गेली होती की सीटवर वीतभरही जागा उरली नव्हती.

"बसली का वं?" प्रेमानंदने मागं न बघता विचारलं.

"बसू कुठं?" पुष्पलता म्हणाली.

ट्रॅक्टरच्या भोंग्यात, हेल्मेटच्या आतून प्रेमानंदला पहिला अर्धा शब्द तेवढा ऐकू आला. पाठीला मऊसर, भरीव असं काहीतरी टेकलं. त्याने गाडी सोडली.

रस्ता गुळगुळीत होता. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. प्रेमानंदचं मन भरून आलं. मागून एक शब्द नाही की तक्रार नाही, नुसती पाठीला टेकून बसलेली बायको. चौतीस वर्षांत असं निवांत बोलायला मिळालं नव्हतं. पुढं बघून गाडी चालवायची म्हटल्यावर माणसाला धीरही येतो.

"पुष्पा, एक गोष्ट सांगू का? वादळ आलं का मी खांबावर राहत होतो. साऱ्या गल्लीची लाइन गेलेली. रातच्याले घरी येताना मी कोपऱ्यावरूनच पाहत होतो. आपल्या खिडकीत मेणबत्ती राहत होती. आपल्या लहान्या मेघाले मांडीवर घेऊन तू बसून राहत होती. मले सारं दिसे. पण मी कधी काही म्हटलंच नाही. जेवण वाढ, एवढंच म्हणो."

मागून उत्तर आलं नाही. पण पाठीशी एकदम थरथर सुरू झाली. बारीक, थांबून थांबून.

"रडू नको वं. मी काय रडवायसाठी म्हणून राहिलो का?"

थरथर थांबली. पुन्हा सुरू झाली. किती साठवून ठेवलं होतं बिचारीने! त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून खांद्यावरून मागं धरली. कोणी घेतली नाही. रडताना गोळी कशी खाणार, असं समजून त्याने ती स्वतः खाल्ली.

वीसेक किलोमीटरवर गोपिकाबाईंचं संत्र्याचं दुकान लागलं. प्रेमानंदने गाडी थांबवली.

"किती देऊ, भाऊ?"

"मॅडमले विचारा."

गोपिकाबाईंनी गाडीच्या मागं पाहिलं. मग जरा बाजूला होऊन पाहिलं. "कोणत्या मॅडमले?"

प्रेमानंदने मान वळवली. बॅग त्याच्या पाठीवर डोकं टेकून शांत बसली होती.

त्यानंतर त्याने जो यू-टर्न घेतला, तो लडाखच्या एकाही पोराला जमला नसता. फोन बघायचंही सुचलं नाही. पंपावर पोचला तेव्हा पुष्पलता तिथं नव्हती.

"काकू गेल्या ना," केशवराव म्हणाले. "ओमप्रकाशच्या टेम्पोत बसवून देल्लं. पांढुर्ण्याले चालला होता. म्हटल्या, पकडतेच त्याले. आन् काका, फोन काहून नाही उचलत तुमी? माझ्या मोबाइलवरून सात बार लावला काकूंनी. कधी तुमाले, कधी आपल्याच फोनले."

"सात बार?" प्रेमानंद म्हणाला. मग त्याने सावकाश मागं हात नेऊन बॅगेचा पुढचा खिसा चाचपला आणि त्याचे कान तापले.

पुन्हा वीस किलोमीटर. या खेपेला तो एक शब्द बोलला नाही. पहिल्या बसची गोष्ट त्याच्या डोक्यात फिरत होती. पांढुर्ण्याहून नागपूरला बसा किती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भरपूर.

गोपिकाबाईंच्या दुकानातल्या बाकावर पुष्पलता संत्रं सोलत बसली होती. हेल्मेट मांडीवर होतं.

"टेम्पो गेला?" प्रेमानंदने खाली बघत विचारलं.

"गेला. इथं थांबून विचारलं, त या बाईनं सांगतलं, तुमी उलटे पळाले म्हणून. मी इथंच उतरली. हरवलेल्या पोरानं जागा सोडू नये, असं मी शाळेत शिकवत होती."

"हरवली तर तू होती."

"मी होती का?"

प्रेमानंदने यावर वाद घातला नाही. "तू म्हटलं ना, बसली म्हणून."

"मी म्हटलं, बसू कुठं!"

गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रेमानंद उभाच होता. शेवटी धीर करून म्हणाला, "वापस जायचं का तुले? बस थांबवून देतो."

पुष्पलताने एक फोड तोंडात टाकली. "बॅगले मॅडम म्हटलं म्हणे तुमी."

"हो."

"आन् रस्ताभर काय बोलले तिच्यासंग?"

"काही नाही."

"वीस किलोमीटर तुमी काही नाही बोलले? तुमी?"

"बोललो. पण थे आता तोंडावर नाही सांगता येत."

पुष्पलताने हातातली सालं बाकावर ठेवली. मग उठली. सीटवरच्या दोऱ्या सोडून तिने मोठी बॅग उतरवली, ती पुढच्या पाय ठेवायच्या जागेत उभी केली आणि एका दोरीने आवळली. दोन मिनिटांचं काम होतं. सीट मोकळी झाली. मग तिने हात पुढं केला. "चावी द्या."

"हायवे आहे. तुले जमन का?"

"खाप्याच्या शाळेत अकरा वर्षं मोपेडनं जाणंयेणं केलं मी. तुमी खांबावर राहत होते, तुमाले काय मालूम! आन् जो चालवते, थो सुटत नाही."

प्रेमानंद मागं बसला. आयुष्यात पहिल्यांदा. पाय कुठे ठेवायचे हे त्याला गोपिकाबाईंनी दाखवलं. गाडी निघाली. हात कुठे धरावा हे न कळून त्याने एका हाताने सीट आणि दुसऱ्याने पुष्पलताच्या स्वेटरची कड पकडली.

"आता माझं तोंड दिसत नाही," पुष्पलता म्हणाली. "सांगा."

त्याने घसा साफ केला आणि हळूच सांगायला सुरुवात केली.

"हेल्मेट आहे. ऐकू येत नाही. जोरात!"

"मेणबत्ती!" प्रेमानंद ओरडला. "खिडकीत तू मेणबत्ती घेऊन बसून राहत होती ना! मले मालूम होतं! मी कधी म्हटलं नाही! तुयासारखं कोणी नाही!"

शेजारून एक ट्रक चालला होता. ट्रकवाल्याने वेग कमी केला, मान बाहेर काढली आणि हसून म्हणाला, "बस करो चाचा, पूरे रोड ने सुन लिया!"

"मले नाही आलं ऐकू," पुष्पलता समोर बघत म्हणाली. "पुन्हा सांगा."