वत्सलाचा तिसावा

ता. १४ मे १९६०, शनिवार. ऊन कडक. दुपारनंतर पश्चिमेकडून गरम वारा, धूळ फार, आभाळात एकही ढग नाही.

या दिवशी तळोद्यातल्या एका कचेरीतला कारकून पितांबर याने, खांडबाऱ्याला दिलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे आगाऊ न कळवता जायचं ठरवलं. निर्णय एवढाच. पुढचं सगळं त्याच्या पोटी आलं.

झालं होतं असं, की दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितांबर मुराळी म्हणून जाऊन वत्सलाला माहेरी घेऊन येई. यंदा मात्र आखाजीच्या ऐन तोंडावर नवं राज्य व्हायचं होतं, आणि कचेरीतल्या एकूण एक छापील कागदावरचं 'मुंबई' खोडून 'महाराष्ट्र' लिहायचं काम पितांबरवर आलं. (त्याचं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षराने कुणाचं भलं झाल्याचं आजवर ऐकिवात नाही.) रजा मिळाली नाही. मुराळी गेला नाही. खांडबाऱ्यात वत्सलाने कपाळाला कुंकू लावून, पिशवी भरून तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी तळोद्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तिने निरोप धाडला. "मन्ही माय मरी गयी, आसं मी समजी लिसू."

निरोप ऐकला तेव्हा माय, म्हणजे तापीबाई, कैऱ्या किसत होती. त्या दिवशी तिने दुप्पट कैऱ्या किसल्या. त्या गुळात घातल्या, लवंगा टाकल्या आणि गुळांबा केला. वत्सलाला लहानपणापासून गुळांब्यापुढे दुसरं काही दिसत नसे. एका छोट्या मडक्यात तो भरून, स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने मडक्याचं तोंड बांधलं आणि मडकं फळीवर ठेवून दिलं. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आता वाढदिवसाचं. आपल्याकडे मोठ्या माणसाचा वाढदिवस कुणी करत नसे. पण मागच्याच महिन्यात साहेबांच्या बाईंचा वाढदिवस झाला, त्यांचे भाऊ न कळवता थेट पुण्याहून येऊन दारात उभे राहिले आणि बाई आनंदाने रडल्या. याला सरप्राइज म्हणतात, असं साहेबांनी सगळ्या कारकुनांना समजावून सांगितलं. पितांबरला तो शब्द फार आवडला. वत्सलाची जन्मतारीख त्याला पाठ होती. १५ मे. कारण त्या दिवशी तो चौथीत नापास झाल्याचं घरी कळलं होतं, आणि घरात बाळ जन्मल्याच्या गडबडीत त्याचा मार वाचला होता. उद्या ती तीस वर्षांची होणार. तिचं तीस वर्षांपूर्वीचं ऋण फेडायचं आणि तिचा रुसवाही काढायचा, असं त्याने मनाशी योजलं.

त्याची बायको शोभाबाई म्हणाली, "आधी कागद धाडा. बिगर कागदना मानूस येस तो मयतनी खबर लिसनच येस."

पितांबर हसला. तिला सरप्राइज म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मायने फळीवरचं मडकं उतरवून त्याच्या हातात दिलं. "सांडू नको," एवढंच म्हणाली.

मोटारीतून मडकं मांडीवर घेऊन, तापी ओलांडून पितांबर संध्याकाळी नंदुरबारला पोचला. गाडी पहाटेची होती. वेळ हाताशी होता, आणि वेळ हाताशी असला की माणूस आरशात बघतो. मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा दोऱ्याभर लांब आहे, असं त्याला वाटलं. बहिणीसमोर नीटनेटकं जावं, म्हणून तो स्टेशनाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या उखा न्हाव्यासमोर बसला.

उखाने डावी बाजू दोऱ्याभर कापली. आता उजवी लांब दिसू लागली. उजवी कापली. मग पुन्हा डावी. असं करता करता नाकाखाली दोन माश्या बसल्यासारखं दिसू लागलं, आणि माश्या काही कुणी ठेवत नाही. त्या गेल्या. "आते केस बी बारीक करी टाकूत, तोंडले शोभी," असं म्हणून उखाने डोक्याला मशीन लावली. तेवढ्यात धुळीची वावटळ आली, उखाचे डोळे मिटले आणि मशीन कपाळापासून टाळूपर्यंत सरळ गेली. डोक्यात तळोदा-नंदुरबारसारखा रस्ता पडला. तो रस्ता बुजवायला एकच उपाय होता. उखाने तो केला आणि पैसे घेताना समजूत घातली, की उन्हाळा शे, डोकं गार राही.

डोकं गार राहिलं, पण टोपी कानांवर उतरू लागली. तेव्हा पितांबरने टोपी पिशवीत टाकली आणि खांद्यावर पांढरं उपरणं घेतलं.

पहाटेच्या गाडीला गर्दी होती. पण काय नवल, पितांबर डब्यात चढताच लोक सरकले. खिडकीशी बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याने हाताला धरून त्याला जागेवर बसवलं. वीस वर्षांच्या नोकरीत इतका मान पितांबरला कधी मिळाला नव्हता. म्हाताऱ्याने मांडीवरच्या मडक्याकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कव्हय व्हयनं?"

"काल संध्याकाळले," पितांबर म्हणाला.

"आजारी व्हतं का कोनी?"

"नही हो. चांगलं व्हतं. पहिले डावी बाजू गयी."

"अरेरे. मंग?"

"मंग उजवी. शेवटले काहीच वाचनं नही."

म्हाताऱ्याने डोळे टिपले. मिशीबद्दल एवढी कळकळ असलेला माणूस पितांबरला आयुष्यात प्रथमच भेटला होता.

खांडबाऱ्याला वत्सलाचे यजमान सुकलाल मास्तर होते. त्यांच्या घरापाशी पितांबर पोचला तेव्हा वत्सला अंगणात सडा घालत होती. पितांबरने आधीच ठरवलं होतं, की एक शब्दही बोलायचा नाही. मडकं दोन्ही हातांनी पुढे धरायचं आणि उभं राहायचं. तो तसा उभा राहिला.

वत्सलाने मान वर केली. तिला भावाचं तुळतुळीत डोकं दिसलं. मिशी नसलेला ओठ दिसला. पांढरं उपरणं दिसलं. मडकं दिसलं. मडक्याच्या तोंडाला बांधलेली, आईच्या निळ्या लुगड्याची पट्टी दिसली.

"माय?" तिने विचारलं.

कापड ओळखलं म्हणून पितांबरला आनंद झाला. त्याने मान हलवली आणि तो हसला. (मिशीविना त्याचं हसू रडण्यासारखंच दिसत होतं. ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.)

वत्सलाने जो हंबरडा फोडला, तो स्टेशनापर्यंत गेला. तिने मडकं त्याच्या हातांतून ओढून छातीशी धरलं आणि ती सड्यातच बसली. शेजारच्या जसोदाबाई धावत आल्या, त्यांच्यामागून गल्लीतल्या पाच-सहा बाया आल्या, आणि काय झालं ते न विचारताच सगळ्यांनी डोक्यावर पदर घेऊन रडायला सुरुवात केली.

साहेबांच्या बाईही रडल्या होत्या. त्यामुळे थोडा वेळ पितांबरला सगळं ठीक चाललंय असंच वाटलं. पण मग जरा जास्तच होतंय हे त्याच्या ध्यानात आलं. तो खाली वाकून मोठ्याने म्हणाला, "रडू नको वत्सा, आज तुन्हा वाढदिवस शे."

त्या गलक्यात जसोदाबाईंच्या कानी फक्त 'दिवस' तेवढा पडला. त्या या बाबतीत जाणत्या होत्या. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "कितवा?"

निदान एका बाईने तरी चौकशी केली, या समाधानाने पितांबरने सांगितलं, "तिसावा."

मास्तर बाहेर आले होते, त्यांनी बोटांवर हिशेब केला. मास्तर गणित शिकवत. "म्हणजे एप्रिलच्या मध्यावर," ते म्हणाले. "आखाजीच्या आधी." आणि डोकं आजच का केलं, तर महिना झाला म्हणून मासिक श्राद्ध असणार, असं जसोदाबाईंनी बाकीच्या बायांना समजावून दिलं. कुठेही काही अडलं नाही. हिशेब पक्का जुळला.

वत्सला म्हणाली, "म्हनीसन मुराळी उना नही. मी तिले मरेल म्हनं, नि ती तव्हय खरंच मरेल व्हती."

हे वाक्य ऐकलं आणि पितांबरच्या डोक्यात, उशिरा का होईना, उजेड पडला. त्याचा हात ओठावर गेला. तिथून डोक्यावर गेला. त्याला म्हातारा आठवला, शोभाबाईही आठवली. तो घाईघाईने सांगू लागला, की माय घरी आहे, खाते आहे, पिते आहे, मडक्यात गुळांबा आहे.

"दुःखमा मानूस काहीबी बोलस," जसोदाबाई हळहळल्या, आणि त्याच्यासाठी पाणी आणा म्हणाल्या.

मास्तर नियमाने चालणारे होते. अस्थी घरात न्यायच्या नसतात, झाडाला टांगायच्या असतात, म्हणून ते मडकं घ्यायला पुढे झाले. वत्सला सोडेना. "आखाजीले मले मायपा जाता उनं नही," ती म्हणाली, "आते ती मन्हापा उनी, तर मी तिले झाडले टांगू?" मास्तरांनी एकीकडून धरलं, तिने दुसरीकडून. पितांबर दोघांच्या मधे हात घालून "सांडू नका" म्हणत होता. मडकं तडकलं.

वत्सलाच्या मनगटावरून काहीतरी दाट ओघळलं. त्याच हाताने तिने रडता रडता तोंड पुसलं, आणि तिचं रडणं अर्ध्यातच थांबलं. तिने ओठ चाटले. पुन्हा चाटले. सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या.

"यामा लवंग शे," ती म्हणाली.

तिने बोट चाटून पाहिलं.

"हाई मायना हातनं शे. भाऊ, माय कोठे शे?"

"घर शे," पितांबर म्हणाला. "कुरडया वाळत घाली ऱ्हायनी व्हई."

वत्सला आधी हसली, मग रडली, मग उठून तिने सड्याची बादली उचलली आणि उरलेलं शेणपाणी सगळं पितांबरच्या अंगावर ओतलं. जसोदाबाईंनी बोट बुडवून खात्री करून घेतली. खोटी मयत उठली की आयुष्य वाढतं, असं त्यांनी सांगितलं, आणि बाकीच्या बायांनाही खात्री करून घ्यायला बोलावलं. तडकलं मडकं फार वेळ टिकणारं नव्हतं. ते टिकलंही नाही.

आपण माहेरी पाऊल ठेवणार नाही म्हणणारी वत्सला त्याच दिवशीच्या गाडीत बसली. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाणी घेणार नाही, असं म्हणाली. (नंदुरबारला तिने चहा घेतला. तो पाण्यात धरायचा नाही, असं तिनेच ठरवलं.)

सोमवारी सकाळी दोघं तळोद्याच्या अंगणात शिरली. माय खाटेवर कुरडया पसरत होती. वत्सला दारातच थांबली.

"माय, मन्ही जीभ जळो," ती म्हणाली.

मायने तिच्याकडे पाहिलं. हात पदराला पुसले. "गुळांबा कसा व्हयना?"

"लवंग जास्ती व्हयनी."

"मंग आठे बठ नि कुरडया राख. कावळा लई जास," माय म्हणाली. वत्सला तिला खेटून बसली. मायने तिच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग तिची नजर दारात उभ्या असलेल्या मुलाकडे गेली. ती त्याच्या डोक्याकडे नीट बघत राहिली.

"मी जित्ती शे," ती शोभाबाईला म्हणाली, "मंग हाऊ कोनाकरता भादरना?"

वत्सला माहेरी अकरा दिवस राहिली. गुळांबा दुसऱ्यांदा केला, लवंगा कमी घातल्या. पितांबरची मिशी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आली, डावी बाजू आधी. पुढच्या आखाजीला खांडबाऱ्याला कागद गेला आणि मुराळी म्हणून शोभाबाई गेली. पितांबरला कुरडया राखायला घरी ठेवलं.