बटणं कोण लावतं?

पोह्यांची प्लेट हातात आली की माणूस आधी खातो. आमचे देवळेसाहेब आधी विचारतात, "आले कुठून, भिया? गिरणी कोणती? धान कुठलं?" सियागंज बाजारातल्या जिरेवाल्याला तर त्यांनी एकदा इतकं पिडलं की त्यानं हातच जोडले, "बाबूजी, ऊंझा से आया है, अब जाने दो." त्यावर साहेब, "ऊंझा में किसके खेत से?"

ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. नशीब माझं, दुसरं काय! आमचा रेडीमेड कपड्यांचा कारखाना. माल परदेशी जातो आणि तिकडून फॉर्म येतात: कापूस कुठला, रंगाचं पाणी कुठे सोडता, कामाला कोण आहे. ते फॉर्म भरायला शेठजींनी नेमलं कुणाला, तर देवळेसाहेबांना. माकडाच्या हाती कोलीत!

'कारखान्याबाहेर काम देता का?' या प्रश्नापुढे आम्ही दरवर्षी 'नाही' लिहायचो. बटणं लावायला कपड्यांचे गठ्ठे खजराना वस्तीत घरोघरी जातात, हे शेठजींपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक. यंदा साहेबांनी 'हो' लिहिलं आणि खाली बारा बायकांची नावं दिली!

मी कपाळावर हात मारला. "अहो साहेब, ऑर्डर गेली तर पहिलं काम त्या बायकांचंच जाईल!"

"आणि आज काम करतात, तर कागदावर कुठे आहेत त्या, भिया?"

आता या माणसाशी काय डोकं फोडायचं? शेठजी मात्र तीन दिवस माझ्यावरच ओरडत होते.

माल घेणाऱ्या परदेशी कंपनीतर्फे तपासणीला दिल्लीहून मॅडम आल्या. थेट खजरान्यात गेल्या, ओट्यावर बसून बायकांशी बोलल्या. परत येऊन म्हणाल्या, ऑर्डर राहील, पण या सगळ्यांना कामगार म्हणून नोंदवा. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "ग्यारह मिलीं. ये बारहवीं कौन? सुमन देवळे?"

मी असा भडकलो! जगाला खरं-खोटं विचारत फिरणार, आणि स्वतः खोटं नाव लिहिणार? साहेबांकडे वळलो, तर ते खाली बघत होते.

"आई माझी," ते हळूच म्हणाले. "बटणं लावून शिकवलं तिनं मला. गेली बिचारी. कुठल्याच कारखान्याच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. म्हटलं, एकदा तरी..."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणालो, "मॅडम, वो अब काम नहीं करतीं."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. नाव खोडलं नाही. पुढे लिहिलं, 'रिटायर्ड'.