दमयंतीबाईंच्या नळाला माणूस हवा

वराळ्याच्या आमच्या सोसायटीत कुणी गाडी धुवायला पाइप पसरला, की दमयंतीबाई खाली येतात, तो हातातून काढून घेतात आणि आधी गोल गुंडाळतात. "सरळ आहे म्हणून शांत असेल असं समजू नका," एवढं बजावून वर जातात. गाडी राहते तशीच.

बाईंनी लोणावळ्याला जन्मभर इंजिनिअरिंगच्या मुलांना पाणी कसं वाहतं ते शिकवलं. आता माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या असतात. मी वाणिज्य शाखेचा; पाण्याशी माझा संबंध टँकर आला का, इतकाच. तरी एका रविवारी मी शहाणपणा केलाच. "वळणावर पाणी जास्तच खवळणार, बाई. आपल्या घाटातले ओढे बघा ना!"

बाईंनी असं पाहिलं, की पन्नाशीत मला पुन्हा एटीकेटी लागली. त्यांनी थेट गच्चीवर नेलं. तिथं पारदर्शक नळी होती आणि तिच्यात सुईवाटे लाल रंग सोडायची सोय.

"नळ सोडा. हळू."

मी भसकन सोडला. नळी निसटली आणि माझा शर्ट लाल झाला. वॉचमन आबा खालून ओरडले, "सायेब, लागलं का वो लय?"

दुसऱ्यांदा जमलं. सरळ नळीत लाल रेघ थरथरली आणि धुरासारखी फुटली. मग बाईंनी तीच नळी पिंपाभोवती गुंडाळली. पाणी तेवढंच. रेघ वळली, पिळली, पण फुटली नाही.

"वळण सावरून धरतं. जोर वाढवला तर इथंही फुटेल, पण उशिरा."

तेव्हापासून दर रविवारी हाक यायची, "नळाला माणूस हवा!" मी जायचो, बावळट प्रश्न विचारायचो; बाई पहिल्यापासून समजावायच्या. "घरचा गळका नळ कधी दिसणार?" बायको विचारायची.

मग मला शक्कल सुचली. पाणी हवं तेवढंच सोडणारा बारीक आट्यांचा नळ मी बाईंना आणून दिला. "आता माणूस नको!"

"छान," बाई म्हणाल्या.

हाका थांबल्या. माझी युक्ती लागू पडली म्हणून मी खूश! काही रविवारांनी सहज डोकावलो, तर नळ खोक्यातच. गच्चीवरची नळीही कोपऱ्यात कोरडी पडलेली.

"बिघडला का?"

"बसवलाच नाही." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तो काही विचारत नाही ना."

 मी म्हणालो, "बाई, पाणी वळणावर सावरतं, ते नेमकं का? मला अजून कळलेलं नाही."

खरंच कळलं नव्हतं.

बाई लगबगीनं उठल्या. खुर्चीवरचे कपडे उचलले, पदरानं ती पुसली आणि माझ्यापुढे सरकवली.