मेश्राम सरांची बिनबटणाची भट्टी

लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामाला अडवून "जगातली पहिली अणुभट्टी कोनं बांधली?" असं विचारणारा माणूस अख्ख्या राळेगावात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. मेश्राम सर. विज्ञान शिकवायचे. नोकरीतून रिटायर झाले, पण तोंड काही रिटायर झालं नाही.

मामा बिचारा कुठल्यातरी शास्त्रज्ञाचं नाव घेतो, की सर भडकलेच! "झूट! साफ झूट! मानसाचा पत्ता नव्हता तवा आफ्रिकेत दगडात भट्टी चालली. दोनशे कोटी वर्षं झाले. बटन कोनं दाबलं? सांगा ना, कोनं?"

आता मामाला काय माहीत? त्याला वरण पुरेल की नाही याची चिंता.

कापूस खरेदी केंद्रावर तर यांनी कहरच केला. भाव पडलेले, आमच्या बैलबंड्या तीन दिवस रांगेत, डोकी तापलेली, आणि हे महाशय माझ्या बंडीवर चढून सांगताहेत, "तवाचं युरेनियम तेज होतं, आताचं थकेल आहे. पान्यानं ते वाहून आनलं, एका जागी साचवलं. मंग त्यात पानी झिरपलं. अनूतून निंघालेले कन पान्यातून जाता जाता हळू झाले, हळू झाले म्हनून दुसऱ्या अनूत घुसले. तो फुटला, अजून कन निंघाले. झाली भट्टी सुरू!"

"मंग उडाली काहून नाई?" कोणीतरी ओरडलं. सर असे खूश झाले, जसा यांचाच कापूस विकला गेला.

"उकळी आली की पानी वाफ होऊन जाये. पानी नाई, त भट्टी बंद. अर्धा घंटा चालू, अडीच घंटे बंद. थंडी झाली की पानी पुन्हा झिरपे. लाखो वर्षं चालली, लेकहो!"

असा संताप आला म्हणून सांगू! इथं आमचा कापूस कोणी घेईना, आणि याला दगडाचं कौतुक!

त्याच साली आमचा नीलेश म्हणाला, "बाबा, कापसात काही राह्यलं नाई. मी पुन्याले जातो, कंपनीत." झालं! दोन दिवस घरात शब्दाला शब्द. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बॅग भरली. मी अंगणात येऊन ओरडलो, "गेला त पुन्हा या घरात..."

तेवढ्यात सत्तरीचे मेश्राम सर बनियानवर भिंत चढून आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर चक्क हात दाबला.

मी हात झटकला. "सर, हे आमच्या घरचं आहे! तुमची भट्टी तिकडं न्या!"

"चुलीत गेली भट्टी," सर म्हणाले. "सुधाकर, पुढचा शब्द बोलू नको. मी बोललो होतो. माह्या प्रमोदले."

प्रमोद म्हणजे सरांचा मुलगा. तो नागपुरात साहेब आहे, असं सरच आम्हाला सांगत आले होते.

"कायचा साहेब! नागपूरच्या गाडीत बसला, त्याले अकरा वर्षं झाले, कुठं आहे मले मालूम नाई." सरांनी नीलेशच्या बॅगेकडं पाहिलं. "दगडाले थांबता आलं रे. मले नाई आलं."

राग माझा गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण मी नीलेशची बॅग उचलली. स्टँडपर्यंत सरही आले, तसेच, बनियानवर. खिडकीतून नीलेश म्हणाला, "पोचलो की फोन करतो, बाबा." मी मान हलवली.

गाडी सुटली. "चला सर," मी म्हटलं. सर हलले नाहीत. नागपूरची गाडी येऊन लागली होती, आणि ते उतरणाऱ्या एकेकाचं तोंड पाहत होते.