सतरा सालचा रोखा

शांताबाईंच्या इंग्लंडमधल्या, हाउन्सलोच्या घरात लॉफ्ट साफ करताना सासऱ्यांची लष्करी पेटी निघाली आणि तिच्या तळाशी जपानी अक्षरांचा, लाल शिक्क्याचा एक कागद. सासरे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले होते, पण या कागदाबद्दल कधी बोलले नव्हते. शांताबाईंनी फोटो काढून दोन्ही मुलांना पाठवला. वडिलांच्या पुण्यानुमोदनाला जेमतेम टेकून गेलेली मुलं त्या रविवारी भात शिजायच्या आत हजर!

धाकट्या यतीनने फोन कागदावर धरला. "गव्हर्नमेंट बाँड आहे. वर्ष सतरा. म्हणजे नाइन्टीन सेव्हन्टीन!"

"शंभर वर्षांचं इंटरेस्ट धर," थोरला इंद्रजित म्हणाला. "आई, हे इथे सेफ नाही. मी ब्रॅकनेलला माझ्या घरी नेतो."

"का रे दादा? वॉटफर्डला काय चोर राहतात?"

कागद आईकडेच राहिला आणि त्याच्यावर, म्हणजे एकमेकांवर, पहारा ठेवायला दोघं दर रविवारी येऊ लागले. सुनांनी डबे आणले. यतीनने गळका नळ बदलला, म्हणून इंद्रजितने बॉयलर. वर आमटी सांडायला नको म्हणून त्याने मशीन आणून कागद लॅमिनेटही केला.

शेवटी मायलेकरं तिघं शाल्मलीकडे गेली. विहारातल्या ओळखीची ही मुलगी इथलीच जन्मलेली, लंडनला जुन्या नोटा-रोख्यांच्या लिलावघरात कामाला. भाऊ एका गाडीत बसेनात, म्हणून दोन गाड्या निघाल्या.

"काका, सतरा म्हणजे शोवा सतरा," शाल्मली म्हणाली. "त्यांच्या एम्पररचा सतरावा वर्ष. नाइन्टीन ट्वेन्टी-फाइव्ह ॲड करायचं. फोर्टी-टू. वॉर बाँड आहे. लढाईसाठी पब्लिककडून पैसे घेतला होता."

"आता किती मिळतील?"

"जपानकडून काही नाही, मुदत कधीच संपली. जुने कागद जमवणाऱ्या कलेक्टरने थोडा दिला असता." तिने प्लास्टिकवर नख वाजवलं. "हे कोणी केलं?"

"दादा, तुझी अक्कल!"

"तुझ्या नाइन्टीन सेव्हन्टीनपेक्षा बरी!"

भांडत भांडत दोघं बाहेर पडले. दोन गाड्यांची दारं आपटली. आई दुसऱ्याच्या गाडीत बसली असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

शाल्मली खिडकीतून बघतच राहिली. "आजी, ते तुम्हाला विसरले! मी फोन करते."

"नको. बसनं जाईन मी." शांताबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "तू मला असाच दुसरा एक कागद दे. स्वस्तातला. जपानी नको गं, ते लगेच वाचता येतं. अशी एखादी भाषा बघ, की ओळखायला दोन-चार वर्षं तरी जातील."